"आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही": ग्योंगजू ते पाटणादेवी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले शंभरेक 'म्हणजे' गाळलेत, तरी काही राहिलेच असतील.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये बसला असाल, तर एक कान इकडे द्या. आजचा भाग फिरण्याबद्दल आहे. एक शहर कोरियातलं आणि एक गाव आपल्या चाळीसगाव तालुक्यातलं. आणि या दोघांच्या मधे मी. मला माझ्या गावाबद्दल एक साधा प्रश्न विचारला होता आणि उत्तर आलं नव्हतं. तिथून सगळं सुरू झालं.

तर झालं असं. ऑक्टोबरमध्ये मी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे कोरियात उल्सान नावाच्या शहरात होतो. गाड्यांचे कारखाने, त्यातल्या मशीन, त्यांचा डेटा, आणि तो डेटा वाचणारं आमचं सॉफ्टवेअर. दिवसभर हेच. रात्री हॉटेलवर आलं की घरून आणलेला चिवडा. दुसऱ्या शनिवारी आमच्या टीममधला तिथला एक जण म्हणाला, "चल, ग्योंगजू दाखवतो. बसने तासाभराचं तर आहे."

ग्योंगजू म्हणजे जुन्या सिल्ला राज्याची राजधानी. हे राज्य जवळजवळ हजार वर्षं टिकलं आणि इ. स. ९३५ मध्ये संपलं. आपल्याकडे जुनी राजधानी म्हटलं की डोळ्यासमोर किल्ला येतो, तटबंदी येते. इथे भर गावात हिरवेगार उंचवटे आहेत. लांबून मला वाटलं गवताच्या टेकड्या आहेत. जवळ गेल्यावर कळलं, या राजांच्या समाध्या. बाजूला घरं, चहा-कॉफीची दुकानं, सायकलवर पोरं. इतिहास वेगळा काढून कुंपणात ठेवलाय असं वाटतच नाही.

तिथे एका मोकळ्या मैदानात एक दगडी मनोरा आहे. चोमसोंगदे त्याचं नाव. उंची साधारण नऊ मीटर, म्हणजे आपल्या तीन मजल्यांएवढी. आकार पाण्याच्या सुरईसारखा. मधे एक चौकोनी खिडकी. सातव्या शतकात सोनदोक नावाची राणी गादीवर होती, तिच्या काळातला हा मनोरा आकाश बघण्यासाठी बांधला होता असं मानतात. दिसायला अगदी साधा. पण संध्याकाळी लोक त्याच्याभोवती येऊन नुसते बसतात. आज्या नातवंडांना घेऊन येतात. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी नामसान चढलो. नाव मोठं असलं तरी वर जातो ती शेंडी ४६८ मीटरची, म्हणजे आपल्या सातमाळ्याच्या रांगेपुढे टेकडीच. पण वाटेत दर वळणावर काहीतरी आहे. पाइनच्या झाडांत बसलेली, डोकं तुटलेली बुद्धमूर्ती. पुढे कातळावर नुसत्या रेघांनी काढलेले बुद्ध. या एका डोंगरावर शंभराहून जास्त जुन्या विहारांच्या जागा सापडल्यात. आणि चढणारे कोण, तर साठी-सत्तरीचे आजी-आजोबा! हातात काठी, पाठीवर छोटी बॅग, आणि मी धापा टाकतोय बघून एका आजोबांनी माझ्या हातावर संत्रं ठेवलं.

वाटेत मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. आठव्या शतकात याच सिल्लाचा ह्येचो नावाचा एक भिक्षू भारतात फिरून गेला आणि त्याने प्रवासवर्णन लिहिलं. ते हरवलं होतं. १९०८ मध्ये चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत त्याची अर्धवट प्रत सापडली. म्हणजे साधारण तेराशे वर्षांपूर्वी तिकडचा माणूस इकडे येऊन बघून, लिहून गेला.

खाली उतरलो तेव्हा पोटात कावळे. जेवायला साम्बाप. म्हणजे ताटात हिरवी पानं, भात, एक तिखट चटणी, आणि भोवती पंधरा-वीस वाट्या. पानात भात घ्यायचा, चटणी लावायची, गुंडाळी करायची आणि एका घासात तोंडात. चटणी तिखट म्हणून मला घाबरवत होते. मी म्हटलं, भाऊ, मी धुळ्याचा आहे, आमच्याकडे ठेचा खातात. नंतर ह्वांगनाम पांग, म्हणजे लाल घेवड्याचं गोड सारण भरलेला छोटा गोल पाव. १९३९ पासून या गावात बनतो. पहिला घास घेतला आणि थेट पुरणाची आठवण आली.

आणि इथेच तो प्रश्न आला. मित्राने अगदी सहज विचारलं, "तुझ्या गावाजवळ काय आहे बघण्यासारखं?"

मी म्हणालो, "काही नाही. ऊन आहे. केळी आहेत."

तो हसला, मीही हसलो. पण रात्री झोप येईना. कारण मी खोटं बोललो होतो असंही नाही. मला खरंच दुसरं काही आठवलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा मी, त्यातली अठरा वर्षं खानदेशात काढलेली, आणि त्याचा सारांश काय, तर ऊन आणि केळी.

*

डिसेंबरमध्ये सुट्टी काढून धुळ्याला घरी गेलो. पप्पांना हा किस्सा सांगितला, म्हटलं हसतील. ते हसले नाहीत. पप्पा गणिताचे शिक्षक होते, चाळीसगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहेत. ते एवढंच म्हणाले, "तुला मी दहा वेळा म्हटलं होतं, पाटणला चल."

हे खरं होतं. दहावीत म्हणाले होते, तेव्हा क्लास होता. बी.टेक.ला असताना म्हणाले, तेव्हा सबमिशन. नंतर पुण्यात नोकरी. मी पाटणादेवीला एकदा गेलो होतो, पण मित्रांबरोबर पावसाळ्यात. केदारकुंडाच्या धबधब्याखाली भिजलो, फोटो काढले, वडापाव खाल्ला, परत. पप्पांबरोबर गेलोच नाही. आणि आता त्यांचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी जिने कमी करायला सांगितलंय, डोंगराचं तर नावच नको.

"देवळापर्यंत येईन," पप्पा म्हणाले. "वर तू जा."

धुळ्याहून सकाळची चाळीसगावची गाडी पकडली. चाळीसगाव स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, त्यांच्या फोटोंचं आणि कलेचं संग्रहालय. त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू, इतका तो माणूस मोठा आहे. तिथून गाडी करून पाटणादेवी, साधारण १८-२० किलोमीटर. पाटणे गाव सोडलं की समोर डोंगर अर्धगोलात उभे राहतात. हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, १९८६ मध्ये जाहीर झालेलं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि आत शिरलो.

देवीचं दर्शन घेतलं आणि मग जरा आत, दरीच्या तोंडाशी असलेल्या महादेवाच्या जुन्या देवळाकडे गेलो. काळ्या दगडाचं, उंच जोत्यावर, मागे नुसतं जंगल. पप्पा पायरीवर बसले, गुडघे चोळले आणि पिशवीतून एक जुनी वही काढली. शाळेची, दोनशे पानी. त्यात त्यांनी कधीकाळी वाचनालयात बसून उतरवून घेतलेली माहिती होती. ती वही घरात होती हेच मला माहीत नव्हतं.

आता मंडळी, हे नीट ऐका, कारण इथून पुढे माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

भास्कराचार्य माहीत आहेत ना? लीलावतीवाले. जन्म इ. स. १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. स्वतःचं गाव त्यांनी सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलंय. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. कोणी पाटणच्या परिसरात म्हणतं, कोणी विजापूर म्हणतं. त्या वादात मी पडत नाही.

पण एका गोष्टीवर वाद नाही. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांना या पाटणमध्ये, भवानीच्या पडक्या देवळात, एक शिलालेख सापडला. १८६५ मध्ये त्यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या आसपासचा. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे बोलावून घेतलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. (वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेले ते चांगदेव वेगळे, गोंधळ करू नका.) या नातवाने काय केलं? आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. मठ म्हणजे इथे शाळाच. अभ्यासक्रम ठरलेला: सिद्धान्तशिरोमणि आणि घराण्यातले बाकीचे ग्रंथ.

आता मठ काढला तर तो चालवायला पैसा लागणार. इथला स्थानिक राजा निकुंभ घराण्यातला सोइदेव, त्याने देणगी दिली. पण माझा आवडता भाग पुढे आहे. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण देण्याघेण्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. कारण तो दुकानदाराला, तेल्याला, गिऱ्हाइकाला कळायला हवा होता, असं पप्पांचं म्हणणं. त्यात काय लिहिलंय? या पाटणमध्ये जो माल विकला जाईल, त्यावरचं राजाला मिळणारं उत्पन्न मठाला. गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल.

पळीभर तेल! मी दोनदा विचारलं. पप्पांनी वहीवर बोट ठेवून दाखवलं. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका बाजारगावात घाणा फिरवणारा माणूस पळीभर तेल बाजूला काढत होता, आणि त्यावर गणिताची शाळा चालत होती. त्याला स्वतःला बीजगणित येत असेल असं नाही. ते तेल दिव्यात जायचं की जेवणात, हेही लेख सांगत नाही. मी आपला मनात दिवाच लावला.

आणि आम्ही ज्या पायरीवर बसलो होतो, त्या देवळाचा शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३. याच निकुंभांपैकी इंद्रराजाने काम सुरू केलं आणि ते त्याच्या मागे पूर्ण झालं. म्हणजे सिद्धान्तशिरोमणि लिहून झाला आणि तीनच वर्षांत हे देऊळ उभं राहिलं. मी कोरियात आकाश बघायच्या मनोऱ्याभोवती तासभर फिरलो होतो. आकाशाचं गणित शिकवणारी शाळा माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर होती, आणि मी तिथे वडापाव खाऊन परत आलो होतो.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. सातवी-आठवीची पोरं असतील. आरडाओरडा, कुरकुरे, एकमेकांना ढकलणं. त्यांचे सर बिचारे मोजत बसले होते, सगळे आलेत का. पप्पांनी दोन-तीन पोरांना हाक मारली. "ए, इकडे या रे. एक गणित घालू?"

पोरं आधी लाजली, मग आली. पप्पांनी लीलावतीतलं गणित आपल्या भाषेत घातलं. बत्तीस हात उंच वेळू आहे. वाऱ्याने मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. सांगा, किती उंचीवर मोडला?

एकाने पटकन सोळा सांगून टाकलं. पप्पा म्हणाले, "काढून बघ." काटकी घेऊन मातीत त्रिकोण काढला. दुसरीने आकडे टाकले. पायथागोरस आठवा, मोडलेला तुकडा म्हणजे कर्ण, असं कोणीतरी म्हणालं. दहा मिनिटं ते टोळकं त्या मातीवर वाकलेलं. मग एक मुलगी ओरडली, "सर, बारा!"

पप्पा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मग म्हणाले, "हे गणित ज्या पुस्तकात आहे ना, ते शिकवायची शाळा इथे पाटणला होती." पोरांनी मागे वळून त्या देवळाकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

हेच गणित पप्पांनी मलाही घातलं होतं, सातवीत. मी सोडवलंही होतं. पण कुठलं आहे, हे विचारलं नव्हतं.

*

दुपारी मी एकटा कण्हेरगडावर गेलो. एकटा म्हणजे पाटणे गावातला एक तरुण वाट दाखवायला बरोबर होता. पप्पा खालीच थांबले. निघताना म्हणाले, "नागार्जुन कोठडीत डोकं सांभाळ, दार बुटकं आहे." म्हणजे ते जाऊन आले होते. कधी, ते मी विचारलं नाही.

चढ फार मोठा नाही, पण घसरडा आहे. वाटेत डोंगराच्या पोटात लेणी आहेत: नागार्जुन कोठडी, सीता न्हाणी, शृंगार चावडी. नागार्जुन कोठडीत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत पाऊल टाकलं की माठात हात घातल्यासारखा गारवा. माझा वाटाड्या पुढे चालत होता आणि दर अवघड जागी मागे वळून अहिराणीत सांगायचा, "भाऊ, पाय देखीसन ठेवा." वर पाण्याची टाकी आहेत, पडक्या भिंती आहेत आणि खाली सगळी दरी. महादेवाचं देऊळ काडेपेटीएवढं दिसत होतं. शेजारी पायरीवर एक पांढरा ठिपका. पप्पांचा सदरा.

मी हात हलवला. तेवढ्या लांबून दिसला नसणार. तरी हलवला.

संध्याकाळी मामाच्या शेतात मुक्काम. आणि डिसेंबर म्हणजे भरीत, दुसरं काही नाही! खानदेशातली भरताची वांगी मोठी, हिरवट-पांढरी. जळगावच्या भरताच्या वांग्यांना आणि केळ्यांनाही भौगोलिक मानांकन आहे, बरं का. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उरतात, त्या पेटवून त्यावर वांगी भाजायची. साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाची. मामी वाढत होत्या आणि "पुण्यात काय खातोस रे, हाडं दिसून राहिली" हे चालूच. दुसऱ्या दिवशी शेवभाजी, त्यावर लाल तर्री. खापरावरचे मांडे खायचे असतील तर मात्र आखाजीला या. त्या कोरियन मित्राला पुरणाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हे तर आमच्यासारखंच!"

त्याला महादेवाच्या देवळाचा फोटोही पाठवला. खाली लिहिलं, "त्या दिवशी चुकलं माझं. आमच्याकडे हे आहे, इ. स. ११५३." त्याने विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" काय उत्तर देणार!

*

आता तुमच्यासाठी दोन दिवसांचा प्लॅन, पटकन लिहून घ्या. पहिला दिवस पाटणादेवी: देवी, महादेवाचं देऊळ, कण्हेरगड. दुसरा दिवस पितळखोरा. औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूने रस्त्याने जाता येतं. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. इथल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास, धंद्याने सोनार. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजांची नावं तर सगळीकडे असतात, कारागिराचं नाव क्वचित सापडतं.

पावसाळ्यात धबधबे सुंदर असतात, पण ओढ्याला अचानक पाणी येतं, तेव्हा ओढा ओलांडायची घाई करू नका. चढायला थंडी चांगली. जंगलात बिबट्या आहे, अंधाराच्या आत खाली या. प्लास्टिक परत आणा. वाटाड्या गावातलाच घ्या, आणि त्याच्याशी घासाघीस करू नका.

ग्योंगजूला इतिहास जास्त आणि आपल्याला कमी, असं मला आता वाटत नाही. तिथे कोणीतरी रोज त्या जागेसाठी थोडं काहीतरी करतं. बोर्ड पुसतं, गवत कापतं, नातवाला घेऊन जातं. पाटणलाही एकेकाळी ते होतं, घाण्यामागे पळीभर. पप्पांची पळी म्हणजे ती दोनशे पानी वही आणि ते वेळूचं गणित. माझी सध्या तरी हा भाग. पुढच्या सुट्टीत वही स्कॅन करणार आहे, आणि पप्पांना बसवून त्यांच्या आवाजात वाचून घेणार आहे. गुडघ्यांचं मी काही करू शकत नाही, आवाजाचं करू शकतो.

तुमचं काम एकच. तुमच्या गावाबद्दल तुम्ही ज्याला "काही नाही" म्हणता, ते नेमकं काय आहे, हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू. आणि ते "चल" म्हणाले तर सबमिशन बाजूला ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पाय देखीसन ठेवा!